गावांची नगरपंचायत कशी होते? – सहावीच्या नागरिकशास्त्राला जोडून थोडं जास्तीचं



सहावीच्या नागरिकशास्त्रात स्थानिक शासनाचे दोन पाठ आहेत. एक ग्रामीण, एक शहरी. ग्रामीणच्या खणात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. शहरीच्या खणात नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका. मुलं दोन्ही पाठ करतात, परीक्षेत लिहितात, गुणही मिळतात. पण एक साधा प्रश्न या दोन पाठांच्या मध्ये पडून राहतो : एका खणातलं गाव दुसऱ्या खणात जातं कसं? कोण नेतं? आणि गावाला विचारतं का?

आपल्या पवनी तालुक्यापुरतं बघा. वैनगंगेच्या काठी पवनी हे जुनं शहर, तिथे नगरपरिषद. त्याच नदीवर गोसीखुर्द, तिथे धरण एवढं मोठं की त्याचं नाव देशभर माहीत, पण कारभार ग्रामपंचायतीचा. मुलांना विचारलं की असं का, तर उत्तर येतं, "सर, पवनी मोठी आहे म्हणून." उत्तर अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं कायद्यात आहे, आणि ते समजून घेणं आपल्या भागात फार गरजेचं आहे. कारण सरकारी कागदाने गावाचं काय होऊ शकतं, हे गोसीखुर्दच्या परिसरातल्या लोकांना पुस्तकातून शिकावं लागत नाही.

आधी 'गाव' म्हणजे काय ते सोडवू

या विषयात सगळा गोंधळ 'गाव' या एका शब्दामुळे होतो. आपण एकाच शब्दाने तीन वेगळ्या गोष्टी बोलतो.

पहिली गोष्ट, वस्ती किंवा गावठाण. घरं, देऊळ, शाळा, विहीर, चावडी. आपण "गावात जाऊन येतो" म्हणतो तेव्हा हेच डोळ्यापुढे असतं.

दुसरी गोष्ट, महसुली गाव. आपल्याकडे त्याला मौजा म्हणतात. याच्या हद्दीत शेतं, नाले, गायरान, सगळं येतं. सातबाऱ्यावर वर जे गावाचं नाव असतं ते हे. याचा संबंध तलाठी आणि तहसीलदारांशी. गोसी खुर्द हे नावच मुळात महसुली वळणाचं आहे. खुर्द म्हणजे लहान, बुद्रुक म्हणजे मोठं. फारसीतून आलेले हे शब्द एकाच नावाची दोन गावं वेगळी ओळखता यावीत म्हणून जमिनीच्या दप्तरात वापरले गेले आणि तिथेच टिकले.

तिसरी गोष्ट, ग्रामपंचायत क्षेत्र. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार सरकार एक किंवा अनेक महसुली गावं मिळून एक 'गाव' घोषित करतं आणि त्याला ग्रामपंचायत मिळते. दोन-तीन छोट्या गावांची मिळून गट ग्रामपंचायत असते ती याच कायद्याने.

मुलांना फळ्यावर तीन वर्तुळं काढून दाखवा. लगेच कळतं. आणि आता मुख्य मुद्दा : नगरपंचायत झाली की पहिलं वर्तुळ तसंच राहतं, दुसरंही तसंच राहतं, फक्त तिसरं पुसलं जातं. घरं तिथेच, मौजा तोच, सातबारा तोच. ग्रामपंचायत मात्र संपते.

हे धरणाच्या पुनर्वसनाच्या उलट आहे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. पुढे बुडीत क्षेत्रातली गावं उठली, नव्या गावठाणात वसली. तिथे वस्ती हलली, शेत गेलं, पण लोक गावकरीच राहिले, ग्रामपंचायतीचेच मतदार राहिले. नगरपंचायतीत घर एक इंचही हलत नाही, पण माणूस गावकऱ्याचा नागरी रहिवासी होतो. मुलांना ही तुलना पटकन समजते, कारण अनेकांच्या घरात आजी-आजोबांनी जुन्या गावच्या गोष्टी सांगितलेल्या असतात.

संविधान काय सांगतं?

१९९२ मध्ये दोन घटनादुरुस्त्या झाल्या. ७३ वी पंचायतींसाठी, ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. ७४ वी नगरांसाठी, ती १ जून १९९३ पासून. आपल्या विषयाचं मूळ ७४ व्या दुरुस्तीत आलेल्या अनुच्छेद २४३-थ मध्ये, म्हणजे इंग्रजी क्रमाने २४३ क्यू मध्ये आहे. तिथे तीन प्रकारच्या नागरी संस्था सांगितल्या आहेत :

१. ग्रामीणकडून नागरीकडे बदलत असलेल्या, म्हणजेच संक्रमणात्मक क्षेत्रासाठी नगरपंचायत
२. लहान नागरी क्षेत्रासाठी नगरपरिषद
३. मोठ्या नागरी क्षेत्रासाठी महानगरपालिका

कोणतं क्षेत्र कशात बसतं ते ठरवताना पाहायच्या गोष्टीही तिथेच दिल्या आहेत. लोकसंख्या, लोकवस्तीची घनता, स्थानिक कारभारासाठी मिळणारा महसूल, शेतीशिवाय इतर कामांतल्या रोजगाराचं प्रमाण, आणि त्या जागेचं आर्थिक महत्त्व. शिवाय राज्याला योग्य वाटतील अशा इतर बाबी.

आता या यादीत काय नाही ते बघा. सिमेंटचा रस्ता नाही. दुमजली घर नाही. मोबाइलचा टॉवर नाही. मुलांच्या मनातलं 'शहर' आणि संविधानातलं 'नागरी क्षेत्र' यात हा फरक आहे. कायदा विचारतो : किती माणसं राहतात, किती दाटीने राहतात, आणि पोट कशावर भरतात?

इथे एक जादा माहिती. जनगणनेची शहराची व्याख्या वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेत किमान ५,००० लोकसंख्या, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, अशा तिन्ही अटी पूर्ण करणारी जागा 'जनगणना शहर' धरली गेली. अशा जागी नगरपरिषद असेलच असं नाही. म्हणजे एखादी जागा जनगणनेच्या पुस्तकात शहर आणि कारभारात ग्रामपंचायत, असं होऊ शकतं. मोजणाऱ्याने शहर म्हटलं म्हणून ते कायद्याने शहर होत नाही.

महाराष्ट्राचा कायदा : दोन दारं

संविधानाने चौकट दिली, आकडे राज्याने भरले. आपल्याकडचा कायदा म्हणजे महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. नाव लांबलचक आहे, पण कामाची कलमं दोनच लक्षात ठेवा.

*पहिलं दार : कलम ३, नगरपरिषद.* लोकसंख्या किमान २५,००० आणि शेतीबाहेरच्या रोजगाराचं प्रमाण किमान ३५ टक्के. मग लोकसंख्येवरून वर्ग ठरतो. एक लाखाच्या वर 'अ' वर्ग, ४० हजार ते एक लाख 'ब' वर्ग, त्याखाली 'क' वर्ग.

*दुसरं दार : कलम ३४१-क, नगरपंचायत.* लोकसंख्या १०,००० ते २५,००० च्या दरम्यान. महानगरपालिकेच्या किंवा 'अ' वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीपासून २५ किलोमीटरच्या आत असेल तर शेतीबाहेरचा रोजगार किमान २५ टक्के हवा. त्याहून लांब असेल तर किमान ५० टक्के.

लांबच्या गावाला अट जास्त कडक का? हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. मोठ्या शहराजवळचं गाव शहराच्या ओढीने बदलत असतं, ते उद्या शहर होणार हे उघड असतं. लांबच्या गावाने स्वतःच्या बळावर, म्हणजे बाजार, कारखाने, दुकानं, नोकऱ्या यांच्या जोरावर आपण बदललोय हे दाखवायचं असतं.

भंडारा जिल्ह्यात काय झालं?

आता आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण. २०१४ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की ज्या तालुक्यांच्या मुख्यालयात अजून ग्रामपंचायत आहे तिथे नगरपंचायत करायची. तालुक्याचं ठिकाण असणं हाच आधार धरला, लोकसंख्येचा आकडा मागे पडला. त्यामुळे गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडसारखं लहानसं तालुक्याचं गावसुद्धा नगरपंचायत झालं. आपल्या जिल्ह्यात मोहाडी, लाखनी आणि लाखांदूर या तीन नगरपंचायती याच लाटेत आल्या.

साकोलीची गोष्ट आपल्या विषयाला जास्त जवळची आहे. साकोली आणि तिला लागून असलेलं सेंदूरवाफा अशी ही दोन गावं. दोन्ही मिळून साकोली नगरपरिषद झाली आणि २०१६ च्या अखेरीस झालेल्या नगरपरिषदांच्या निवडणुकांत ती पहिल्यांदा सामील झाली. महामार्गावरून जाणाऱ्याला साकोली कुठे संपते आणि सेंदूरवाफा कुठे सुरू होतं हे कळत नाही. पण मौजे आजही दोन आहेत. वस्ती जोडलेली, जमिनीचं दप्तर वेगळं, नागरी कारभार एक. वर सांगितलेली तीन वर्तुळं इथे प्रत्यक्ष दिसतात.

प्रक्रिया : कागद कोणत्या क्रमाने हलतो?

हा भाग मुलांकडून क्रम लावून घ्यायला चांगला आहे. सहा चिठ्ठ्या करा आणि गटांना द्या.

*१. प्रस्ताव.* मागणी गावातून येते, लोकप्रतिनिधींकडून येते, किंवा सरकार स्वतःच ठरवतं. लोकसंख्या, रोजगार, हद्द यांची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत नगरविकास विभागाकडे जाते.

*२. उद्घोषणा.* सरकार लगेच नगरपरिषद करत नाही. आधी "असं करण्याचा आमचा विचार आहे" हे जाहीर करावं लागतं. ही उद्घोषणा राजपत्रात छापतात, त्या भागात वाचल्या जाणाऱ्या किमान एका वर्तमानपत्रात देतात, आणि ठळक ठिकाणी लावतात. कोणती गावं, कोणत्या हद्दी, हे त्यात असतं.

*३. हरकतीची मुदत.* किमान ३० दिवस. या काळात कोणालाही लेखी हरकत कारणांसह जिल्हाधिकाऱ्यांकडे देता येते. 'कोणालाही' हा शब्द महत्त्वाचा आहे. सरपंच असायला नको, जमीनदार असायला नको.

*४. जिल्हाधिकारी.* आलेल्या हरकती ते सरकारकडे पाठवतात.

*५. अंतिम अधिसूचना.* सरकार हरकतींवर विचार करतं. त्या अपुऱ्या किंवा गैरलागू वाटल्या तरच अंतिम अधिसूचना निघते. त्यातल्या तारखेपासून नवं नागरी क्षेत्र अस्तित्वात येतं. त्याच क्षणी ग्रामपंचायत संपते. सरपंच आणि सदस्यांचं पद जातं, मुदत शिल्लक असली तरी. ग्रामपंचायतीची मालमत्ता, शिल्लक रक्कम, येणं आणि देणं नव्या संस्थेकडे जातं.

*६. प्रशासक आणि मग निवडणूक.* निवडून आलेलं मंडळ येईपर्यंत प्रशासक काम पाहतो, नव्या नगरपंचायतींत तो बहुधा तहसीलदारच असतो. मग प्रभाग पाडतात, आरक्षण ठरतं (महिलांना निम्म्या जागा), आणि राज्य निवडणूक आयोग निवडणूक घेतो. नगरपंचायतीत १७ प्रभाग आणि १७ नगरसेवक.

या सहा पायऱ्यांत लोकांच्या हातात असलेली पायरी एकच आहे, तिसरी. पहिल्या पायरीवर कुजबुज असते, पाचव्या पायरीवर मिरवणूक किंवा मोर्चा असतो. तिसरी पायरी मात्र शांतपणे निघून जाते. नोटीस लागलेली असते, पण रोवणीच्या दिवसांत ती वाचायला वेळ कोणाला? आणि वाचली तरी 'संक्रमणात्मक क्षेत्र' हा शब्द किती जणांना कळतो?

आपल्या भागात ३० दिवसांचा हा आकडा तसा ओळखीचा आहे. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यातही जमीन घेण्याच्या सूचनेवर हरकत द्यायला ३० दिवस असायचे. ज्या घरांची शेतं धरणात गेली त्यांनी असे कागद हाताळलेले आहेत. मुदत संपल्यावर कितीही खरं बोललं तरी ते 'मुदतीबाहेर' ठरतं, हे त्यांना कोणी सांगायला नको.

ग्रामसभेचा ठराव करून चालतो का? ठरावाला वजन असतं, पण तो केला म्हणून सरकारचे हात बांधले जात नाहीत. म्हणून ठराव केला तरी तो कारणांसह, मुदतीत, जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत म्हणून गेला पाहिजे.

काय बदलतं, काय बदलत नाही?

पालकांना सगळ्यात जास्त गरज या भागाची आहे. त्यामुळे सरळ सांगतो.

*बदलत नाही :* सातबारा, मौजा, तलाठी, तहसील, पोलीस ठाणं, विधानसभा आणि लोकसभेचं मत.

*बदलतं ते असं :*

ग्रामसभा जाते. ही सगळ्यात मोठी गोष्ट. ग्रामपंचायतीत प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी उभं राहून "पाण्याच्या टाकीचा हिशोब द्या" असं कोणीही विचारू शकतो. नगरपंचायतीच्या सभेत बोलतो तो नगरसेवक. आपण त्याच्यामार्फत बोलायचं.

दोन मतं जातात. ग्रामीण मतदार ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशा तिन्ही संस्थांसाठी मत देतो. नागरी मतदार पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेसाठी मत देत नाही. त्याची संस्था एकच.

घरकर आणि बांधकाम परवानगी. कर ठरवण्याची पद्धत नगरपरिषद कायद्याप्रमाणे होते. नवी संस्था १९६६ च्या नगररचना कायद्याखाली नियोजन प्राधिकरण बनते, तिला विकास आराखडा करावा लागतो. त्यात कुठे रस्ता, कुठे बाग, कुठे शाळेचं मैदान हे नकाशावर येतं. चांगलं नियोजन व्हायचा हा मार्ग आहे, पण एखाद्याच्या वावरावर आरक्षणाची रेघ यायचाही हाच मार्ग आहे. त्या आराखड्यावरही हरकती मागवतात, हे लक्षात ठेवा.

योजनांचं नाव आणि खिडकी. घरकुल ग्रामीण यादीतून निघून शहरी यादीत जातं. महिला बचत गट ग्रामीण भागात 'उमेद'शी जोडलेले असतात, शहरी भागात नागरी योजनांकडे जातात. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यात 'ग्रामीण क्षेत्र' म्हणजे नागरी संस्थेच्या हद्दीबाहेरचं क्षेत्र, अशी व्याख्या होती. म्हणून गाव नगरपंचायत झालं की त्या कायद्यातली १०० दिवसांची हमी तिथे लागू राहत नसे. ज्या घरात धानाच्या हंगामानंतर मजुरीवरच चूल पेटते त्या घरासाठी ही बारीक अक्षरातली गोष्ट नाही.

कारभाराची ताकद वाढते. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी येतो, अभियंता येतो, पाणीपुरवठा, गटारं, कचरा, दिवाबत्ती यांना वेगळे विभाग मिळतात. संविधानाच्या १२ व्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय दिले आहेत, त्यात नगररचना, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा, बागा-मैदानं आहेत. नगरविकासाचा निधी मिळतो. वाढलेल्या बाजारगावाचा कचरा आणि सांडपाणी ग्रामपंचायतीच्या कुवतीबाहेर गेलेलं असतं, तिथे हा बदल लागतोच.

तर नगरपंचायत चांगली की वाईट, असा प्रश्न मुलांना विचारू नका. "कोणाला काय मिळतं आणि कोणाचं काय जातं?" असं विचारा. मग दुकानदार, शेतमजूर, प्लॉट विकणारा, बचत गटातली आई, अशी एकेक भूमिका घेऊन मुलं बोलायला लागतात. वर्गात खरी ग्रामसभा भरते.

महाराष्ट्रातली आणखी तीन उदाहरणं

*पिंपरी-चिंचवड.* १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावं एकत्र करून नगरपालिका झाली. कारखाने आले होते, कामगार आले होते, शेतीबाहेरचा रोजगार हीच तिथली ओळख होत होती. १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. गावं आधी बदलली आणि कायदा मागून आला, असं हे उदाहरण.

*वसई-विरार.* २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून महानगरपालिका झाली. अनेक गावांनी विरोध केला. २०११ मध्ये २९ गावं वगळायचा निर्णय झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. अनेक वर्षं 'आत की बाहेर' यातच गेली. गावांचं मन न वळवता रेघ ओढली की काय होतं, ते इथे दिसतं.

*फुरसुंगी आणि उरुळी देवाची.* पुण्याजवळची ही दोन गावं २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत घेतली. मालमत्ताकराबद्दल लोकांची मोठी तक्रार होती. शेवटी ती महापालिकेतून काढली आणि २०२४ मध्ये दोन्ही मिळून स्वतंत्र नगरपरिषद झाली. म्हणजे रेघ पुसताही येते, पण त्याला वर्षं लागतात. आणि बाहेर पडूनही ती गावं ग्रामपंचायतीकडे परत गेली नाहीत, वेगळ्या नागरी संस्थेकडे गेली.

वर्गासाठी उपक्रम : गोसीखुर्दची नगरपंचायत होईल का?

हा उपक्रम सहावी-सातवीला दोन तासिकांत होतो. समजा, गोसीखुर्द आणि आजूबाजूची काही गावं मिळून नगरपंचायत करा अशी मागणी आली. जलाशयावर जलपर्यटनाचा प्रकल्प सरकारने हाती घेतलेला आहेच, त्यामुळे ही कल्पना अगदीच हवेतली नाही. मुलांनी पुढच्या प्रश्नांची उत्तरं शोधायची.

१. कोणकोणती गावं घेतली तर लोकसंख्या १०,००० च्या वर जाते? (जनगणनेचे गावनिहाय आकडे वापरा.)
२. जवळची महानगरपालिका कोणती? ती २५ किलोमीटरच्या आत आहे का? (नागपूर किती लांब आहे ते नकाशावर मोजू द्या. ते २५ किलोमीटरच्या खूप पलीकडे आहे, म्हणजे ५० टक्क्यांची अट लागणार.)
३. आपल्या वर्गातल्या घरांत किती जणांचं पोट शेती आणि शेतमजुरीवर आहे? किती जणांचं दुकान, नोकरी, वाहतूक, बांधकाम यावर? टक्केवारी काढा. (इथे गणिताचा तासही होतो.)
४. पुनर्वसित गावठाणं यात घ्यायची की नाही? घेतली तर त्यांचा फायदा काय, तोटा काय?
५. नगरपंचायतीला नाव काय द्यायचं?

पाचव्या प्रश्नाला हसू नका. सगळ्यात जास्त भांडण तिथेच होतं, वर्गातही आणि बाहेरही.

शेवटी दोन गट करा. एक गट 'उद्घोषणा' लिहील, दुसरा गट 'हरकत' लिहील. हरकतीचा नमुना साधा ठेवा : प्रति, मा. जिल्हाधिकारी, भंडारा. विषय. उद्घोषणेचा क्रमांक आणि तारीख. मग "माझी हरकत अशी की" आणि खाली क्रमाने कारणं. शेवटी नाव, गाव, सही, तारीख. 'आम्हाला नको' हे कारण होत नाही, हे मुलांना समजावून सांगा. "आमच्या गावात इतकी घरं शेतमजुरीवर आहेत, शेतीबाहेरच्या रोजगाराची अट पूर्ण होत नाही" हे कारण होतं. ज्यांना नगरपंचायत हवी आहे त्यांनी पाठिंब्याचं पत्र असंच आकड्यांसह लिहावं. दोन्ही बाजूंना भाषा तीच लागते.

मराठीच्या पत्रलेखनाचा, गणिताच्या शेकडेवारीचा, भूगोलाच्या नकाशाचा आणि नागरिकशास्त्राचा असा चारही विषयांचा अभ्यास एका कागदावर होतो. लिहिलेल्या हरकती मुलांना घरी नेऊ द्या आणि घरच्यांना वाचून दाखवायला सांगा. ग्रामपंचायतीच्या फलकावर उद्या कोणतीही नोटीस लागली, नगरपंचायतीची असो, विकास आराखड्याची असो की जमिनीची, तर त्यातल्या दोन गोष्टी आधी बघायच्या हे घरात एकाला तरी माहीत असलं पाहिजे : तारीख कोणती, आणि हरकत कोणाकडे द्यायची.